मायक्रोसॉफ्ट लिस्ट्स दीड वर्ष वापरल्यावर: गोपनीय एंट्रीला पडदा लावलाय की कुलूप?

आमच्या ऑफिसात सगळ्यांची मिळून एक रिक्वेस्ट लिस्ट आहे. मायक्रोसॉफ्ट लिस्ट्समध्ये बनवलेली, म्हणजे आत इंजिन शेअरपॉइंटचंच (ऑफिसच्या साइट्स, लिस्ट आणि फायली ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं टूल). लॅपटॉप बदलून हवा, आयकार्ड हरवलं, खुर्चीचं चाक तुटलं, सगळं त्यात टाकायचं आणि ॲडमिनवाल्यांनी एकेक करून मार्गी लावायचं. छान चाललं होतं. मग एका सहकारी मॅडमनी वेगळ्या खुर्चीची रिक्वेस्ट टाकली आणि ‘कारण’ या रकान्यात आपल्या आजाराबद्दल सगळं सविस्तर लिहिलं, कारण त्यांना वाटलं की हे ॲडमिनचे दोघंच वाचणार. लिस्ट पूर्ण डिपार्टमेंटला उघडी होती. दोन दिवसांनी कोणीतरी अगदी काळजीनेच त्यांना विचारलं की आता कसं वाटतंय, ट्रीटमेंट कुठपर्यंत आली, आणि त्या एकदम गप्प झाल्या.

ती लिस्ट मी बनवली होती. सॉफ्टवेअरने काही चुकीचं केलं नव्हतं, सेटिंग माझं होतं. तेव्हापासून मी या परमिशन्सच्या मागे लागलोय, आणि हा रिव्ह्यू त्यातूनच लिहितोय, कारण लिस्ट कशी बनवायची, रंग कसे द्यायचे, फॉर्म कसा सजवायचा यावर भरपूर सापडतं पण त्यातली एखादी एंट्री चारच लोकांना दिसावी असं करायचं असेल तर नेमकं काय धरतं आणि काय धरत नाही हे सरळ कोणी सांगत नाही.

आधी प्रॉडक्टबद्दल थोडक्यात. शेअरपॉइंट २००१ पासून आहे, मायक्रोसॉफ्ट लिस्ट्स हे २०२० मध्ये आलं, पण ते त्याच जुन्या शेअरपॉइंट लिस्टवर चढवलेलं नवीन छान तोंड आहे. म्हणून परमिशनची सगळी व्यवस्था जुनीच, आणि ती मजबूत आहे हे मी आधीच सांगतो. परवानगी वरून खाली झिरपते. साइटला जी आहे ती लिस्टला, लिस्टची फोल्डरला, फोल्डरची आयटमला, म्हणजे एकेका ओळीला. तुम्ही काहीच केलं नाही तर साइटवर जो मेंबर आहे त्याला प्रत्येक लिस्टमधली प्रत्येक ओळ दिसते. आणि टीम्सच्या ग्रुपला जोडलेली साइट असेल तर टीममध्ये नवीन माणूस ॲड केला की तो त्या क्षणापासून साइटचा मेंबर, म्हणजे लिस्टचाही. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण टीममध्ये ॲड करताना आपण चॅटचा विचार करतो, मागच्या दोन वर्षांच्या लिस्टचा करत नाही.

आता माझी पहिली चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. प्रकरण झाल्यावर मी घाईघाईत ‘कारण’ हा रकाना व्ह्यूमधून (लिस्टचे कुठले रकाने समोर दिसावेत त्या मांडणीतून) काढून टाकला, फॉर्ममधूनही लपवला, आणि वाटलं झालं. नाही झालं. व्ह्यू म्हणजे पडदा आहे, मेंबर असलेला कोणीही स्वतःचा पर्सनल व्ह्यू बनवून तो रकाना दोन क्लिकमध्ये परत आणू शकतो, तिथून एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करू शकतो, आणि एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅम लिहून थेट, वाचणाऱ्याला तर व्ह्यूशी काही देणंघेणंच नसतं. शेअरपॉइंटमध्ये रकान्याला वेगळी परवानगी देता येत नाही. हे मला या प्रॉडक्टमधलं सगळ्यात मोठं भोक वाटतं आणि मी त्याचे मार्क कापतोय, कारण खऱ्या आयुष्यात गोपनीय असतो तो बहुतेक वेळा एखादाच रकाना, पगाराचा आकडा किंवा आजाराचं नाव, बाकीची ओळ सगळ्यांनी बघायला काहीच हरकत नसते. इथे मात्र एक तर पूर्ण ओळ दिसते किंवा पूर्ण ओळ दिसत नाही, मधलं काही नाही.

दुसरी चूक अजून वाईट होती. मी त्या एंट्रीतला मजकूर पुसला आणि ‘ॲडमिनशी बोलणं झालं आहे’ असं लिहून टाकलं. पण लिस्टला व्हर्जनिंग चालू होतं, आणि व्हर्जन हिस्टरी बघण्याची परवानगी साध्या ‘रीड’ लेव्हलमध्येही असते, म्हणजे जो ओळ वाचू शकतो तो तिच्या जुन्या आवृत्त्याही वाचू शकतो. पुसलेलं सगळं तिथे जसंच्या तसं होतं, तारीख वेळेसकट. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. शेवटी ती एंट्री मी पूर्ण डिलीट केली, मग रिसायकल बिनमधूनही काढली (तिथे डिलीट केलेलं ९३ दिवस राहतं), आणि मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं की आता ते कुठेही नाहीये. त्यांनी ऐकून घेतलं. तुमच्याकडे असं काही झालं तर पुसत बसू नका, आधी ओळीची परवानगी बंद करा आणि मगच शांतपणे साफसफाई करा.

आता कुलूप कुठे लागतं ते.

पहिला मार्ग इतका साधा आहे की मला तो आधी माहीत नव्हता याचं वाईट वाटतं. लिस्ट सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा, तिथे ‘आयटम-लेव्हल परमिशन्स’ नावाचा भाग आहे. त्यात दोन प्रश्न असतात, वाचायला काय मिळावं आणि लिहायला काय मिळावं. वाचण्यासाठी सगळे आयटम किंवा फक्त स्वतः तयार केलेले, लिहिण्यासाठी सगळे, फक्त स्वतःचे किंवा काहीच नाही. दोन्हीकडे ‘स्वतःचे’ निवडलं की संपलं, प्रत्येकाला आपापल्याच रिक्वेस्ट दिसतात. रिक्वेस्ट, तक्रारी, रजेची कारणं असल्या लिस्टसाठी हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि यात प्रत्येक आयटमचं इन्हेरिटन्स (वरून झिरपत येणारी परवानगी) तोडावं लागत नाही, त्यामुळे लिस्ट जड पण होत नाही. हे फक्त लिस्टला मिळतं बरं का, डॉक्युमेंट लायब्ररीच्या (फायली ठेवायच्या जागेच्या) सेटिंगमध्ये हा भाग दिसणार नाही.

पण याच्यात दोन खाचा आहेत, आणि दोन्हीत मी अडकलो.

एक म्हणजे हे सगळं ‘क्रिएटेड बाय’ वर चालतं. ओळ ज्याच्या नावाने तयार झाली तो मालक. आमच्याकडे काही जण फॉर्म भरायचे आणि फॉर्मवरून पॉवर ऑटोमेटचा फ्लो (मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये बनवलेलं, आपोआप चालणारं काम) लिस्टमध्ये ओळ टाकायचा. फ्लो ज्याच्या कनेक्शनने (लॉगिनने) चालतो त्याच्या नावाने ओळ तयार होते, म्हणजे सगळ्यांच्या रिक्वेस्टचा मालक मीच, आणि ज्याने फॉर्म भरला त्याला स्वतःचीच रिक्वेस्ट दिसेना. लोकांनी लिस्टमध्येच थेट एंट्री करावी असं ठेवलं तेव्हा ते सुटलं. कोणाच्या वतीने दुसरं कोणी एंट्री करत असेल तरी हाच घोळ होतो.

दुसरी खाच मंजुरी देणाऱ्यांची. फुल कंट्रोल असलेल्याला तर सगळं दिसतंच, पण ज्याला सगळ्या रिक्वेस्ट बघून फक्त मंजूर करायच्यात त्याला फुल कंट्रोल देणं म्हणजे घराच्या किल्ल्या देणं झालं. यासाठी ‘ओव्हरराइड लिस्ट बिहेवियर्स’ नावाची एक बारीक परवानगी आहे, जिचं काम नावावरून मुळीच कळत नाही, पण ‘फक्त स्वतःचे आयटम’ ही मर्यादा ओलांडायचा अधिकार तिच्यात आहे. साइटच्या परमिशन लेव्हल्समध्ये जाऊन ‘कॉन्ट्रिब्यूट’ या (ओळी टाकता-बदलता येणाऱ्या) तयार लेव्हलची कॉपी करायची, त्यात ही एक टिक वाढवायची, ‘मंजुरीवाले’ असं काहीतरी नाव द्यायचं आणि ती लेव्हल त्या ग्रुपला लावायची. हे जमलं त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं, कारण त्याआधी चार जण नुसते मंजुरी देता यावी म्हणून साइटचे ओनर होऊन बसले होते आणि ओनर म्हणजे साइटवर काहीही बदलू शकणारा माणूस.

दुसरा मार्ग म्हणजे एकेका ओळीचं इन्हेरिटन्स तोडणं. ओळ निवडा, मॅनेज ॲक्सेस, तिथून ॲडव्हान्स्ड, मग ‘स्टॉप इन्हेरिटिंग परमिशन्स’. इथे बहुतेक जण फसतात. हे बटण दाबल्यावर ओळ बंद होत नाही! वरून जी परवानगी येत होती तिची कॉपी ओळीवर बसते, म्हणजे दाबल्यानंतरच्या क्षणीही तेच सगळे लोक ती ओळ वाचू शकतात. पुढचं काम तुमचं, मेंबर्स आणि व्हिजिटर्स ग्रुप टिक करून काढायचे आणि मग हवे ते लोक जोडायचे. मी एकांना बघितलंय, त्यांनी बटण दाबलं, वर पिवळी पट्टी आली की या आयटमला आता स्वतंत्र परवानगी आहे, आणि ते समाधानाने उठून गेले. ओळ तशीच उघडी.

आणि जोडताना नावाने माणूस जोडू नका, ग्रुप जोडा. हे सगळे सांगतात पण का ते मला अनुभवाने कळलं. एकदा इन्हेरिटन्स तोडलं की वर लिस्टवर केलेला कुठलाही बदल त्या ओळीपर्यंत पोचत नाही. एचआरमध्ये नवीन कोणी आलं, तुम्ही त्यांना लिस्टवर ॲड केलं, तरी तोडलेल्या चाळीस ओळी त्यांना दिसणार नाहीत, आणि उलट बाजूने बघा, जो एचआर सोडून दुसऱ्या डिपार्टमेंटला गेला त्याला लिस्टवरून काढलं तरी त्या चाळीस ओळींवर त्याचं नाव तसंच बसलेलं असतं. ग्रुप जोडलेला असेल तर एका जागी माणूस बदलला की झालं.

मोठ्या लिस्टवाल्यांसाठी आकडे पण सांगून ठेवतो. एका लिस्टमध्ये वेगळ्या परवानगीच्या जास्तीत जास्त ५०,००० जागा (ओळी किंवा फोल्डर) चालतात, पण मायक्रोसॉफ्टचीच शिफारस ५,००० च्या आत राहा अशी आहे. आणि लिस्ट, लायब्ररी किंवा फोल्डर १,००,००० आयटमच्या वर गेलं की त्याचं स्वतःचं इन्हेरिटन्स ना तोडता येतं ना परत जोडता येतं. म्हणजे मोठी होणार असं दिसत असेल तर परवानगीचा निर्णय आधीच घ्या, नंतर सावकाश बघू असं म्हणायची सोय इथे नाहीये.

आता ऑटोमेशन. पॉवर ऑटोमेटमध्ये दोन ॲक्शन आहेत, ‘स्टॉप शेअरिंग ॲन आयटम ऑर अ फाइल’ आणि ‘ग्रँट ॲक्सेस टू ॲन आयटम ऑर अ फोल्डर’. पहिली सगळ्या लिंका तोडते आणि ओनर सोडून थेट ॲक्सेस असलेल्या सगळ्यांना काढते, दुसरीने हव्या त्या लोकांना वाचायचा किंवा लिहायचा हक्क द्यायचा. फॉर्ममध्ये ‘गोपनीय आहे का’ असा हो-नाहीचा रकाना ठेवला, हो असेल तर फ्लोने आपोआप बंद करायचं, ऐकायला फारच सुंदर. आम्ही लावलं पण. काम करतं, आजही चालू आहे, पण एकट्याच्या भरवशावर मी ते ठेवत नाही. फ्लो ओळ तयार झाल्यावर सुरू होतो, आधी नाही, आणि लगेचच सुरू होईल असंही नाही, कधी काही सेकंद तर कधी काही मिनिटं. तेवढा वेळ ओळ उघडी असते, आणि लिस्ट उघडी ठेवून बसलेला माणूस तेवढ्यात वाचू शकतो. फ्लो कधी फेल झाला तर ओळ उघडीच राहते, आणि फेल झाल्याची मेल ज्याच्याकडे जाते तो सुट्टीवर असेल तर विचारूच नका. म्हणून वर सांगितलेलं ‘फक्त स्वतःचे आयटम’ सेटिंग खाली पाया म्हणून आधी लावा आणि फ्लो त्याच्यावर ठेवा, म्हणजे फ्लो झोपला तरी दार बंदच राहील. आणखी एक, फ्लोमधून जी नोटिफिकेशनची मेल जाते तिच्यात पूर्ण वर्णन चिकटवू नका. लिस्टला सात कुलपं आणि तोच मजकूर पंधरा जणांच्या इनबॉक्समध्ये, याला काय अर्थ आहे? मेलमध्ये फक्त लिंक टाका, ज्याला परवानगी आहे त्याला उघडेल.

लिंकवरून आठवलं. शेअर बटणावरची ‘संस्थेतल्या कोणालाही’ वाली लिंक ही फार सहज दिली जाते, आणि ती ज्याच्या हातात पडेल त्याला ओळ उघडते, तुम्ही निगुतीने ग्रुप लावले असले तरी. शेअर करताना ‘ज्यांच्याकडे आधीच ॲक्सेस आहे’ हा पर्याय निवडायची सवय टीमला लावा. आम्हाला ही सवय लागायला बरेच महिने लागले आणि अजूनही नवीन माणूस आला की परत सांगावं लागतं.

चांगल्या बाजू पण मनापासून सांगायच्यात. ओळीवर कुलूप नीट लागलं की ते खरंच सगळीकडे लागतं. सर्चमध्ये ती ओळ येत नाही, ओळीला जोडलेल्या अटॅचमेंटलाही तीच परवानगी लागू होते, एक्सपोर्टमध्ये ती उतरत नाही, एपीआयने विचारलं तरी मिळत नाही. कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) वापरत असाल तर तोही विचारणाऱ्याच्या परवानगीतलंच वाचतो, आणि त्यामुळेच उलट धोका असा की जे चुकून उघडं राहिलंय ते आता कोणी शोधत नसतानाही उत्तरात समोर येऊ शकतं. पूर्वी ढिगाऱ्याखाली दडलेली ओळ कोणाला सापडत नव्हती, तो दिलासा आता राहिला नाही. एक बारीक गोष्ट अशी की ओळींचे आयडी क्रमाने जातात, म्हणून ४० नंतर थेट ४२ दिसला तर मधे काहीतरी होतं इतकं समजतं, पण डिलीट केल्यावरही तसंच दिसतं म्हणून मी त्याची फार काळजी करत नाही.

‘चेक परमिशन्स’ बटण या सगळ्यात माझं सगळ्यात आवडतं. परमिशनच्या पानावर वर असतं, कोणाचंही नाव टाका, त्या माणसाला इथे काय करता येतं आणि ते कुठल्या ग्रुपमुळे, हे सरळ सांगतं. लिस्टच्या परमिशन पानावर ‘काही आयटमना वेगळी परवानगी असू शकते’ अशी ओळ दिसते, तिथल्या लिंकवर क्लिक केलं की तोडलेल्या आयटमची यादी मिळते. आणि तरी मी एक गोष्ट नेहमी करतो, ज्याला दिसू नये अशा एखाद्या सहकाऱ्याला विनंती करून त्याच्या मशीनवर त्याच्या लॉगिनने लिस्ट उघडून बघतो, कारण मी ओनर आहे आणि माझ्या स्क्रीनवर सगळं कायमच नीट दिसणार.

साइट कलेक्शन ॲडमिनपासून (पूर्ण साइटच्या सगळ्यात वरच्या ॲडमिनपासून) मात्र काहीही लपत नाही. त्याला कुठल्याच ओळीवरून काढता येत नाही. म्हणून आयटीवाल्यांविरुद्धची तक्रार आयटीच्याच साइटवरच्या लिस्टमध्ये घेणं हे मला योग्य वाटत नाही, ती लिस्ट दुसऱ्या साइटवर, दुसऱ्या ॲडमिनच्या हाताखाली हवी.

दुसऱ्या टूल्सशी तुलना थोडीच करतो. गूगल शीट्समध्ये ‘प्रोटेक्ट’ केलेली रेंज फक्त बदलण्यापासून वाचते, वाचण्यापासून नाही, आणि लपवलेली शीट कोणी फाइलची कॉपी करून उघडू शकतो, त्यामुळे गोपनीय ओळींसाठी ते माझ्या मते बादच. जिरामध्ये (टीमची कामं नोंदवायचं टूल, तिथल्या एकेका नोंदीला इश्यू म्हणतात) इश्यू सिक्युरिटी लेव्हल आहे, एका लेव्हलमध्ये कोण कोण ते एकदाच ठरवायचं आणि इश्यूवर नुसती लेव्हल निवडायची, हे मला शेअरपॉइंटपेक्षा समजायला खूप सोपं वाटलं, सब-टास्कला पालक इश्यूची लेव्हल आपोआप लागते हेही छान. पण आमच्याकडे सगळे आधीच मायक्रोसॉफ्टवर, त्यामुळे तिकडे जायचा प्रश्न नव्हता.

आम्ही शेवटी काय ठेवलं ते सांगतो. रोजच्या रिक्वेस्टची लिस्ट उघडी, तिच्यात ‘कारण’ हा रकानाच नाही. दुसरी लिस्ट पूर्ण वेगळी, लिस्ट लेव्हललाच इन्हेरिटन्स तोडलेलं, ‘फक्त स्वतःचे आयटम’ चालू, आणि तीन जणांचा मंजुरीवाला ग्रुप. उघड्या लिस्टच्या फॉर्मवर वरतीच मोठ्या अक्षरात लिहिलंय की तब्येत, पगार किंवा कोणाबद्दलची तक्रार असेल तर इथे लिहू नका, या लिंकवर जा. एकेका ओळीचं इन्हेरिटन्स हाताने तोडणं आता वर्षातून दोनतीनदाच होतं, तेही कोणाला तात्पुरतं बघायला द्यायचं असेल तेव्हा.

मार्क द्यायचेच तर कुलपाच्या मजबुतीला पाचपैकी साडेचार, रकान्याला कुलूप नाही यासाठी दोन, आणि सेटिंग सापडण्याच्या सोयीला दीड. महिन्यातून एकदा मी तोडलेल्या ओळींची यादी काढतो आणि प्रत्येकीवर कोण आहे ते बघतो, मागच्या वेळी सात निघाल्या, त्यातल्या एकीवर मार्चमध्ये टीम सोडून गेलेल्या माणसाचं नाव होतं, ते काढलं.